पूर-मॉडेलचा वेग आणि जीसीसीचे फ्लॅग: -ओ२, -ओ३ की -ओफास्ट?

पाणलोट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एमटेकच्या प्रकल्पासाठी सी++ मध्ये एक पूर-मॉडेल चालवतोय. कृष्णेच्या एका उपनदीचं खोरं चौकोनी घरांच्या जाळीत मांडलंय. प्रत्येक घराला जमिनीची उंची आणि पाण्याची खोली. दर टप्प्याला शेजारच्या चार घरांशी पातळी ताडून पाहायची, मॅनिंगच्या सूत्राने (उतार आणि खोलीवरून प्रवाह काढणारं सूत्र) वेग काढायचा आणि पाणी इकडून तिकडे सरकवायचं. खोऱ्याबाहेरच्या घरांत 'नॅन' ('ही संख्याच नाही' अशी खूण, तिच्याशी केलेलं गणितही नॅनच) भरलंय. लूपमध्ये 'इझनॅन' (नॅन आहे का, ही तपासणी) खरं निघालं की ते घर सोडून पुढे. सगळे आकडे डबलमध्ये (६४ बिटांचे दशांश आकडे).

उबुंटू २२.०४, जीसीसी ११ हा कंपायलर आणि बिल्डसाठी सीमेक. पायथनमधून बोलावता यावं म्हणून त्याच कोडची शेअर्ड लायब्ररीही बनते. (फ्लॅग इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये टाकताना रोमन करून घ्या. -ओ० म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, -ओ२, -ओ३, -ओफास्ट या चढत्या पातळ्या.)

एक रन रात्रभर चालतो. मार्गदर्शक म्हणाले, कोडला हात लावण्याआधी कंपायलरचे फ्लॅग बघ. म्हणून सीमेकच्या फाइलमध्ये -ओफास्ट आणि -मार्च=नेटिव्ह टाकलं. वेग इतका वाढला की आधी विश्वासच बसेना. पण:

एक, एकूण पाण्याची बेरीज छापली की 'नॅन' येतं. नकाशा काढला तर खोऱ्याच्या कडेपासून आत पसरत गेलेला रिकामा पट्टा दिसतो. टप्पे वाढतील तसा तो रुंद होतो.

दोन, तीच बायनरी प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर नेली की 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून लगेच मरते.

फ्लॅग काढले की दोन्ही तक्रारी जातात, पण वेगही जातो. नक्की काय ठेवावं?

खटपट्या

-ओफास्टचं नंतर बघू. वेग वाढला म्हणताय तो कशाच्या तुलनेत? सीमेकला बिल्ड टाइप दिला होता का? मेकफाइलवाल्या बिल्डमध्ये तो रिकामा असेल तर सीमेक ऑप्टिमायझेशनचा एकही फ्लॅग देत नाही, आणि फ्लॅगच नाही म्हटल्यावर जीसीसी -ओ० धरून चालतं. 'मेक व्हर्बोज=१' चालवा आणि कंपायलरला खरोखर काय जातंय ते वाचा.

पाणलोट

रिकामाच आहे! सीमेकची ही फाइल सीनियर बॅचकडून वारशाने आलेली, आजवर कोणी उघडून पाहिली नव्हती. म्हणजे मी -ओ० आणि -ओफास्ट यांची तुलना करत होतो तर.

खटपट्या

तेच. -ओ० मध्ये प्रत्येक चल मेमरीत जातो आणि परत येतो, वेक्टरचा चौकटी कंससुद्धा खराखुरा फंक्शन कॉल असतो. सी++ टेम्प्लेटवालं कोड त्यात रांगतंच.

बिल्ड टाइप 'रिलीज' द्या. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांसाठी सीमेक त्यात -ओ३ आणि -डीएनडीबग घालतं. 'रेलविथडेबइन्फो' दिलंत तर -ओ२, -जी आणि पुन्हा -डीएनडीबग. मी रोजच्या कामाला हा दुसरा वापरतो, कारण पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालवल्यावर ओळींचे आकडे दिसतात. -जी ने वेग कमी होत नाही, फाइल फुगते एवढंच.

एक मात्र बघा: एनडीबगने सगळे असर्ट (कोडमधल्या 'हे खरं असायलाच हवं' अशा तपासण्या) गळून पडतात. कोणी असर्टच्या कंसात काम करणारं फंक्शन बोलावलं असेल तर ते कामही होणार नाही.

बाइटबहाद्दर

एवढा विचार कशाला, भाऊ? -ओ३, -मार्च=नेटिव्ह, -एफअनरोल-लूप्स, -एफएलटीओ, सगळं टाका आणि मोकळे व्हा. मी जेंटू लिनक्स (जिथे सगळं सोर्समधून बांधतात) वापरायचो तेव्हा पूर्ण सिस्टिम अशीच बांधली होती. रॉकेट!

जुना फोरट्रानी

बाइटबहाद्दर, जेंटूच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतसुद्धा पूर्ण सिस्टिमसाठी -मार्च=नेटिव्हसोबत -ओ२ आणि -पाइप एवढंच सुचवलेलं आहे. लिनक्स कर्नलही मुळात -ओ२ वरच बांधला जातो. -ओ३ मध्ये फंक्शन्स जास्त आत ओढली जातात, लूपच्या प्रती निघतात, कोड फुगतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये मावेनासा होतो. मोजक्या लूपमध्ये रात्र काढणाऱ्या प्रोग्रामला -ओ३ फळतं. हजार फाटे असलेल्या प्रोग्रामला कधी उलटंच पडतं.

२०१३ साली कर्टसिंगर आणि बर्गर यांनी 'स्टॅबिलायझर' नावाचं साधन बनवलं. ते प्रोग्राम चालू असताना कोड, स्टॅक आणि हीपची मेमरीतली मांडणी पुन्हा पुन्हा बदलत राहतं, म्हणजे मांडणीच्या योगायोगाने मिळालेला वेग मोजमापातून गळून जातो. असं चाळल्यावर एलएलव्हीएममध्ये (क्लँगच्या पोटातला ऑप्टिमायझर) -ओ२ च्या वरचा -ओ३ चा फायदा गोंगाटापासून वेगळा काढता आला नाही. अर्थात ते स्पेक या चाचणी-संचातल्या नेहमीच्या प्रोग्रामांवर होतं, पाणलोट यांच्या जाळीवर नव्हे. त्यांचा प्रोग्राम -ओ३ ला मानवणाऱ्या जातीचा वाटतो.

आणि जीसीसी ११ म्हणालात ते महत्त्वाचं आहे. एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये दोन-चार डबल उरकणारं ऑटो-व्हेक्टरायझेशन जीसीसीत पूर्वी -ओ३ लाच चालू व्हायचं. -ओ२ मध्ये ते जीसीसी १२ पासून, २०२२ मध्ये आलं, तेही अगदी हात राखून. क्लँगमध्ये ते -ओ२ लाही असतं. त्यामुळे 'क्लँगचं -ओ२ जीसीसीच्या -ओ२ पेक्षा फास्ट' अशा जुन्या चाचण्यांतला बराच भाग एवढ्याचाच होता.

-एफअनरोल-लूप्स -ओ३ मध्ये येत नाही, वेगळं द्यावं लागतं. मी तरी ते न मोजता कधी देणार नाही.

पाणलोट

'रिलीज' करून पाहिलं. नुसत्या त्या एका शब्दाने रात्रभराचा रन दीडेक तासावर आला आणि बेरीज बरोबर येते! -ओफास्ट अजूनही याच्या पुढे आहे, साधारण निम्म्या वेळात संपतं. म्हणजे त्याच्याकडे काहीतरी आहे. ते बेरीज न बिघडवता मिळेल का?

जुना फोरट्रानी

मिळेल, पण -ओफास्ट उघडून पाहावं लागेल.

-ओफास्ट म्हणजे मुख्यतः -ओ३ अधिक -एफफास्ट-मॅथ. आणि -एफफास्ट-मॅथ ही एक मोळी आहे. तिच्यातला प्रत्येक फ्लॅग म्हणजे तुम्ही कंपायलरला दिलेला एकेक शब्द. तो शब्द खरा आहे की नाही हे कंपायलर तपासत नाही, त्यावर विसंबून पुढे जातो.

तुमचा घात केला तो -एफफायनाइट-मॅथ-ओन्ली ने. 'माझ्या प्रोग्राममध्ये नॅन आणि अनंत कधीच येणार नाहीत' असा त्याचा अर्थ. मग कंपायलर म्हणतो, नॅन नाहीच तर 'इझनॅन' नेहमी खोटं. तपासणी उडवली, 'पुढच्या घरावर जा' हेही उडालं. आता कडेचं घर बाहेरच्या नॅनशी वजाबाकी करतं, स्वतः नॅन होतं, पुढच्या टप्प्याला त्याचा शेजारी. तुमचा पट्टा दर टप्प्याला एकेक घर आत सरकत असणार, मोजून पाहा.

'एक्स बरोबर एक्स नाही' ही जुनी युक्तीही इथे उडते, तिच्या मागे लागू नका. बिट तपासून नॅन ओळखता येतं, पण मी म्हणेन नॅनचा हा वापरच सोडा. खोऱ्याच्या आत-बाहेरसाठी वेगळा मास्क ठेवा, एका बाइटचा. बाहेरच्या घरांत खोली शून्य. जे सांगायचंय ते डेटात स्वच्छ सांगितलं की कुठल्याही फ्लॅगखाली टिकतं.

आता मोळीतले कामाचे:

-एफनो-मॅथ-एररनो. गणिताची फंक्शन्स चुकीच्या इनपुटला एररनो नावाचा चल भरतात. तो तुम्ही आयुष्यात वाचला नसेल. पण तो भरायचा म्हणून वर्गमुळाच्या एका इन्स्ट्रक्शनभोवती तपासणी आणि लायब्ररी कॉलची वाट ठेवावी लागते, आणि लूप व्हेक्टर होत नाही. मॅनिंगच्या सूत्रात उताराचं वर्गमूळ आहेच, तेव्हा हा फ्लॅग तुमच्यासाठीच आहे. आकडे बदलत नाहीत. डोळे मिटून द्या.

-एफनो-ट्रॅपिंग-मॅथ. फ्लोटिंग पॉइंटचे अपवाद पकडणारं कोड नसेल तर हाही निर्धोक.

-एफअसोसिएटिव्ह-मॅथ. इथे थांबा. डबलच्या बेरजेत कंस हलवले की उत्तराचे शेवटचे अंक हलतात, म्हणून कंपायलर स्वतःहून बेरजेचा क्रम बदलत नाही. साहजिकच 'सगळ्या घरांतलं पाणी मिळवा' हा साधा लूप व्हेक्टर होत नाही. हा फ्लॅग ती परवानगी देतो. त्याच्या जोडीला -एफनो-साइन्ड-झिरोज आणि वरचा ट्रॅपिंगवाला लागतो, नाहीतर तो लागूच होत नाही. मात्र परवानगी सगळ्या कोडला मिळते. फाइलीत कुठे काहान पद्धतीची बेरीज असेल तर तिच्यातली चूक-भरपाईची वजाबाकी बीजगणिताने शून्य ठरते आणि कंपायलर ती पुसून टाकतो. त्यापेक्षा ज्या एका लूपला हवी त्याच्यावर ओपनएमपीचा सिमड प्रॅग्मा (कोडमध्येच कंपायलरला दिलेली सूचना) लावा, रिडक्शनसकट, आणि -एफओपनएमपी-सिमड द्या. परवानगी तेवढ्या लूपपुरतीच राहते.

पाच तृतीयांशचा घात 'पॉव'ने काढता का? मोळीमुळे कंपायलरला असा घात घनमुळात मोडायची मुभा मिळते. तेच तुम्ही हाताने करू शकता: खोली गुणिले, खोलीच्या वर्गाचं 'सीबीआरटी'. पॉव कुठल्याही घातांकासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे महाग पडतं.

पाणलोट

फारच उपयोगी. पट्टा मोजला, दर टप्प्याला बरोब्बर एक घर! 'पॉव' वापरतोय, हो.

पण एक कोडं आहे. -ओ३ वर सुरुवातीचे टप्पे झपझप होतात आणि पाऊस थांबल्यानंतरचे हळू. -ओफास्टवर तसं होत नाही. पाऊस थांबल्यावर तर काम कमी व्हायला हवं ना?

अवकाळी

हे आमच्या गल्लीतलं. मी हवामान-मॉडेलांच्या कामात आहे, पुण्यात.

तुमची घरं वाळताहेत. खोली दर टप्प्याला थोड्या थोड्या अंशाने कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. हजारो टप्प्यांनंतर ती इतकी बारीक होते की डबलच्या नेहमीच्या मर्यादेखाली जाते, १० चा उणे ३०८ वा घात या आसपास. त्या आकड्यांना डीनॉर्मल म्हणतात, आणि अनेक प्रोसेसरांवर त्यांची गणितं नेहमीच्या वाटेने न जाता मंद वाटेने जातात. पाऊस थांबला की अशी घरं वाढत जातात.

-ओफास्टने लिंक केलं की जीसीसी 'सीआरटीफास्टमॅथ' नावाचा छोटा तुकडा जोडतं. तो प्रोग्राम सुरू होतानाच प्रोसेसरला सांगतो की असले आकडे सरळ शून्य धर. म्हणून तिथे तुम्हाला ही मंदी दिसली नाही.

उपाय फ्लॅगचा नाहीच. पूर-मॉडेलात ओल्या-कोरड्याची एक किमान खोली ठरवतात, मिलिमीटरचा एखादा अंश. त्याखाली गेलं की घर कोरडं, खोली शून्य, उरलेला थेंब हिशोबाच्या खात्यात. भौतिकीच्या दृष्टीनेही हे योग्यच, एका अणूपेक्षा पातळ पाण्याला काय वेग असणार?

आणि तुम्ही शेअर्ड लायब्ररी पायथनमध्ये नेताय म्हणून सांगतो. जीसीसी १३ च्या आधी हा तुकडा शेअर्ड लायब्ररीलाही जोडला जायचा. म्हणजे कोणी तुमची लायब्ररी नुसती इंपोर्ट केली की ज्या थ्रेडने ती लोड केली त्याचं अंकगणित बदलायचं, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचंसुद्धा. २०२२ मध्ये पायपायवरच्या (पायथनच्या पॅकेजांचं भांडार) काही पॅकेजांत हेच सापडलं होतं. त्यातल्या एकाचं काम नेटवर्किंगचं, आणि परिणाम दुसऱ्याच कोणाच्या आकडेमोडीवर! तुमच्याकडे जीसीसी ११ आहे. लायब्ररीच्या लिंकच्या ओळीत -ओफास्ट किंवा -एफफास्ट-मॅथ मुळीच नको.

कोडकसरत

क्लँग १९ मध्ये तर -ओफास्ट बादच करायला घेतलंय. इशारा येतो की -ओ३ द्या, आणि हवंच असेल तर -एफफास्ट-मॅथ स्वतः लिहा. नाव 'फास्ट' असल्यामुळे लोक आत काय आहे न बघता टाकायचे.

बाकी, मी स्पर्धात्मक प्रोग्रामिंग करतो. तिथे सर्व्हरचे फ्लॅग आपल्या हातात नसतात म्हणून पोरं फाइलच्या डोक्यावर प्रॅग्मा लिहून -ओ३ आणि एव्हीएक्स२ (एकाच वेळी चार डबल उरकणाऱ्या इन्स्ट्रक्शन) मागतात. कधी पास होतं, बहुतेक वेळा 'एंडएल' (जे दर ओळीला बफर रिकामा करतं) काढून साधी नवी ओळ छापली तरी तेवढाच वेळ वाचला असता.

बाइटबहाद्दर

बरं, -ओफास्टचा नाद सोडला. पण -मार्च=नेटिव्हला तरी हो म्हणा.

खटपट्या

ज्या मशीनवर बांधलं तिथेच चालवणार असाल तर हो. 'नेटिव्ह' म्हणजे या प्रोसेसरला येतं ते सगळं वापर. पाणलोट यांच्या लॅपटॉपला एव्हीएक्स२ येतं, ते इंटेलने २०१३ च्या हॅसवेलपासून दिलं. प्रयोगशाळेतलं मशीन त्याआधीचं असणार. त्याला ती इन्स्ट्रक्शन कळत नाही, म्हणून 'इललीगल'.

मधली वाट आहे. २०२० मध्ये एक्स८६-६४ च्या पातळ्या ठरल्या. व्ही२ म्हणजे ढोबळमानाने इंटेलच्या नेहालेमच्या काळातले प्रोसेसर, व्ही३ म्हणजे हॅसवेल आणि पुढचे, व्ही४ ला एव्हीएक्स-५१२. जीसीसी ११ ला ही नावं कळतात, -मार्च=एक्स८६-६४-व्ही३ असं थेट देता येतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चा पाया व्ही२ आहे, १० चा व्ही३. कुठल्या मशीनची कोणती पातळी हे बघायला उबुंटू २२.०४ वर सिस्टिमचा डायनॅमिक लोडर '--हेल्प' देऊन चालवा, यादीत 'सपोर्टेड' लिहून येतं.

दोन बायनरी ठेवायच्या नसतील तर फक्त त्या तापलेल्या फंक्शनवर 'टार्गेट_क्लोन्स' ॲट्रिब्यूट लावा, एव्हीएक्स२ आणि डिफॉल्ट. कंपायलर दोन आवृत्त्या बनवतो, चालताना मशीन बघून निवड होते.

-एमट्यून वेगळं, बरं का. ते नव्या इन्स्ट्रक्शन वापरत नाही, आहेत त्याच कोणत्या क्रमाने लावायच्या एवढंच त्या प्रोसेसरच्या कलाने बघतं. त्याने बायनरी कुठे मरत नाही.

सदा_शंकित

मला हे ऑप्टिमायझेशन प्रकरणच पटत नाही. आमच्या ऑफिसात एक जुना प्रोग्राम -ओ० वर वर्षानुवर्षं नीट चालतोय, -ओ२ केलं की एक लूप थांबतच नाही. कंपायलरमध्येच बग आहे. आम्ही -ओ० वरच ठेवलाय.

जुना फोरट्रानी

शंकितराव, कंपायलरमध्ये बग असतात, पण असल्या कहाण्यांत ते क्वचितच निघतात. तो लूप चिन्हांकित इंट वाढवत नेऊन 'ऋण झाला की थांब' असं म्हणतो का, पाहा. चिन्हांकित इंटचं ओव्हरफ्लो (कमाल मर्यादेबाहेर जाणं) सी आणि सी++ मध्ये अव्याख्यात आहे. कंपायलर धरून चालतो की ते होणारच नाही, म्हणजे वाढणारा आकडा ऋण होणार नाही, म्हणजे लूप चालू ठेवायची अट कायम खरी.

फास्ट-मॅथमध्ये शब्द तुम्ही फ्लॅगने देता. इथे भाषा वापरलीत तेव्हाच देऊन बसलात. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टन ड्रायव्हरमध्ये असंच झालं. पॉइंटर आधी वापरला आणि 'नल आहे का' हे नंतर तपासलं. जीसीसी म्हणालं, वापरलाय म्हणजे नल नाहीच, तपासणी काढली. त्यातून सुरक्षेचं भोक पडलं. तेव्हापासून कर्नल -एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स घालून बांधतात.

तुमचा प्रोग्राम -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड लावून एकदा चालवा, ओळ नंबरासकट दाखवेल. दुरुस्तीला वेळ नसेल तर -ओ२ सोबत -एफरॅपव्ही द्या. ओव्हरफ्लोला गुंडाळून घेण्याचा अर्थ मिळतो आणि -ओ० पेक्षा कितीतरी वेगाने चालेल.

सदा_शंकित

लूपचं वर्णन तंतोतंत जुळतंय. सोमवारी करून बघतो. (तरी शंका आहेच.)

मोजपट्टी

सगळे फ्लॅग सांगताहेत, मोजायचं कसं ते कोणी सांगत नाही. पाणलोट, 'निम्म्या वेळात' म्हणालात तेव्हा लॅपटॉप चार्जरवर होता का? लाइट गेली आणि बॅटरीवर आला की प्रोसेसर वेग उतरवतो. उन्हाळ्यात तापला तरी उतरवतो, म्हणून आधी चालवलेला फ्लॅग जिंकतो. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर ठेवा, टास्कसेटने एका कोअरला बांधा, दोन्ही बायनरी आलटून-पालटून चालवा, अनेक फेऱ्यांचा वेळ मोजायला हायपरफाइन हे साधन छान आहे. सरासरी नको, मध्यक किंवा सगळ्यात कमी वेळ घ्या.

एक-दोन टक्क्यांच्या फरकावर तर मुळीच विश्वास नको. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलंय की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार बदलला किंवा ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या क्रमाने लिंक केल्या तरी वेग बदलतो, कधी -ओ२ आणि -ओ३ मधल्या फरकाएवढा. एन्व्हायर्नमेंट स्टॅकवर जातं, मग त्याच्या खालच्या सगळ्याची अलाइनमेंट सरकते. म्हणजे तुमचं युजरनेम लांब असलं तरी निकाल फिरू शकतो!

आणि मुळात वेळ कुठे जातोय? पर्फ रेकॉर्ड, मग पर्फ रिपोर्ट. ते इथे टाका.

पाणलोट

टाकतो. वरून दोनच फंक्शन्समध्ये सगळा वेळ: पाणी सरकवणारा लूप आणि त्यातलं 'पॉव'. फाइली वाचणं-लिहिणं नगण्य.

मोजपट्टी

उत्तम. आता त्या फाइलला -एफऑप्ट-इन्फो-वेक-मिस्ड द्या, लूप व्हेक्टर का झाला नाही ते जीसीसी स्वतः सांगेल. क्लँगमध्ये -आरपास-मिस्ड=लूप-व्हेक्टराइझ.

पाणलोट

'कंट्रोल फ्लो इन लूप' म्हणतंय.

मोजपट्टी

तुमचं 'इझनॅन असेल तर पुढे' तेच. मास्क केलात की तो इफ जाईल, प्रवाहाला मास्कने गुणा.

अजून दोन प्रश्न. घरातून पाणी काढून त्याच क्षणी शेजाऱ्याच्या खोलीत टाकता का? तसं असेल तर पुढची फेरी मागच्यावर अवलंबून आणि कुठलाच फ्लॅग तिला व्हेक्टर करू शकत नाही. आधी सगळ्या कडांवरचे प्रवाह वेगळ्या ॲरेत काढा, मग दुसऱ्या लूपमध्ये खोली बदला. पॉइंटरवर 'रिस्ट्रिक्ट' (सी++ मध्ये जीसीसीचं '__रिस्ट्रिक्ट') लिहा, म्हणजे हे ॲरे एकमेकांवर चढत नाहीत हे कंपायलरला कळेल.

दुसरा, आतला लूप ओळीच्या दिशेने जातो की स्तंभाच्या? फोरट्रानमधून आणलेल्या कोडमध्ये हे हमखास उलटं असतं, कारण तिथे मेमरीत स्तंभ सलग असतो.

पाणलोट

स्तंभाच्या. आणि हो, मूळ कोड फोरट्रानचं होतं असं सीनियर म्हणतात. 🙂

जुना फोरट्रानी

फोरट्रानचा यात काही दोष नाही हे नोंदवून ठेवा. तिथे दोन ॲरे आर्ग्युमेंट एकमेकांवर चढणार नाहीत हे भाषेतच आहे, 'रिस्ट्रिक्ट' लिहावं लागत नाही.

पाणलोट

लूपची अदलाबदल, मास्क, प्रवाह वेगळा ॲरे, पॉवऐवजी सीबीआरटी, कोरड्याची किमान खोली. फ्लॅग: -ओ३, -मार्च=एक्स८६-६४-व्ही३, -एफनो-मॅथ-एररनो, -एफनो-ट्रॅपिंग-मॅथ. प्रयोगशाळेच्या मशीनसाठी -मार्च न देता वेगळा बिल्ड, टार्गेट_क्लोन्ससकट.

चार्जरवर, आलटून-पालटून मोजलं. पूर्वीच्या -ओफास्टच्या बायनरीलाही बऱ्यापैकी मागे टाकलं, आणि रन आता जेवायच्या सुट्टीत होतो. नॅन नाही. याच कोडवर पुन्हा -ओफास्ट लावून बघितलं तर फरक मोजमापाच्या गोंगाटात बुडाला, म्हणून काढून टाकलं.

एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइली एकत्र ऑप्टिमाइझ करणं) आणि पीजीओ (प्रत्यक्ष रनचं प्रोफाइल बघून ऑप्टिमाइझ करणं) राहिलं. त्यात अजून काही मिळेल?

कोडकसरत

एलटीओने तुम्हाला फारसं नाही. तापलेला भाग एकाच फाइलमध्ये आहे, आणि एलटीओची गंमत फाइलींच्या सीमा ओलांडण्यात. मोठ्या पसाऱ्याला ते चांगलं, ओपनसूझे टंबलवीडने २०१९ मध्ये आणि फेडोराने ३३ पासून जवळपास सगळी पॅकेजं त्यावर नेली.

पीजीओ फाटे-फाटे असलेल्या कोडला भारी. -एफप्रोफाइल-जनरेटने बांधा, नेहमीचं काम चालवा, मग -एफप्रोफाइल-यूजने पुन्हा बांधा. पायथन सोर्समधून बांधताना '--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' दिलं की हेच होतं, म्हणून ते मेक इतका वेळ खातं. इंटरप्रिटरमध्ये जागोजागी फाटे असतात. तुमच्या लूपमध्ये आता फाटा उरलाय कुठे? केलंतच तर प्रोफाइल पावसाळ्याच्या डेटावर घ्या. कोरड्या महिन्यावर घेतलंत तर पाणी वाहणारा भागच थंड समजून कंपायलर तो आकाराने लहान करत बसेल.

पाणलोट

राहू दे मग. शेवटची शंका: लॅपटॉप आणि प्रयोगशाळेचं मशीन यांच्या एकूण बेरजेत अकराव्या-बाराव्या अंकाला फरक येतो. फास्ट-मॅथ तर कुठेच नाही.

अवकाळी

एफएमए. गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये, राउंडिंग दोनदाऐवजी एकदाच. व्ही३ मध्ये ते आहे, आणि जीसीसी आपणहून वापरतं, त्याला फास्ट-मॅथ लागत नाही. उत्तर उलट किंचित अचूकच असतं, पण जुळत नाही. जुळायलाच हवं असेल तर -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ द्या.

आमच्याकडे यावरून वाद होतात. १९६१ मध्ये लॉरेन्झने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकून हवामानाचं मॉडेल पुन्हा चालवलं आणि काही काळात वेगळंच हवामान निघालं. त्यामुळे नव्या कंपायलरवर गेलो की आम्ही दोन रन अंकाला अंक जुळवत बसत नाही, फरक मॉडेलच्या स्वाभाविक विखुरण्यात बसतो का ते बघतो. पूर इतका लहरी नसतो, पाणी उताराकडेच जातं. तुमच्या मोजमापात उंचीचीच चूक सेंटिमीटरांत असेल, तेव्हा अकरावा अंक सोडून द्या. पण चाचण्यांसाठी एक 'ऑफ'वाला बिल्ड जवळ ठेवा. कोड बदलल्यावर उत्तर हललं तर ते तुमच्यामुळे की राउंडिंगमुळे, हे तिथे लगेच कळेल.

पाणलोट

ठेवला. मार्गदर्शकांच्या एम१ मॅकबुकवर मात्र 'ऑफ' न देता बांधलं होतं, मार्चही दिलं नव्हतं, तरी बेरीज वेगळी आली. तिथे तर व्ही३ नाही.

खटपट्या

तिथे एआरएम. ६४ बिट एआरएममध्ये एफएमए पायातच आहे, मागावं लागत नाही. आणि मॅकवरचा 'जीसीसी' म्हणजे बहुतेक ॲपलचा क्लँग, तोही १४ पासून एकाच पदावलीतलं गुणिले-अधिक जोडून टाकतो. तिथल्या बिल्डलाही -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ द्या आणि पुन्हा जुळवा. त्यानंतरही शेवटचा अंक हलला तर सीबीआरटीकडे बघा, मॅकची गणिताची लायब्ररी लिनक्सवरची ग्लिबसी नाही.